सातवा बिंदू, चौदावा बिंदू

विद्यापीठांतील आरक्षणावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा सगळा भर टक्केवारीवर असतो. पंधरा टक्के, साडेसात टक्के, सत्तावीस टक्के हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पण टक्के काढायला खाली एक शंभर लागतात. हे शंभर नेमके कुठले मोजायचे? एका विभागातल्या जागा, एका विषयाच्या, एका संवर्गाच्या, की सबंध विद्यापीठाच्या? सरकारी मराठीत याला ‘एकक’ म्हणतात. एकक बदलले की टक्केवारी कागदावर तशीच राहते आणि वर्गात शिकवायला उभी राहणारी माणसे मात्र बदलतात. या एका शब्दाचा इतिहास मला इथे मांडायचा आहे. विषय रूक्ष आहे, त्यात थोडी आकडेमोडही आहे. वाचकांनी ती सोसावी, कारण सगळी गोम तिथेच आहे.

सुरुवात विद्यापीठापासून दूर, कोल्हापूरच्या दरबारी कारभारात करावी लागते. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी काढलेला हुकूम मराठी वाचकाला ठाऊक असतो तो पन्नास टक्क्यांमुळे. महाराज तेव्हा विलायतेत होते. हुकूम पुरता वाचला की पन्नास टक्क्यांनंतर आणखी दोन कलमे लागतात आणि माझ्या मते राज्यकर्त्याची हुशारी तिथे दिसते. ज्या कचेरीत मागासवर्गीय अधिकाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली यापुढची पहिली नेमणूक त्या वर्गातल्या माणसाची व्हावी, असे एक कलम आहे. दुसऱ्यात प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी झालेल्या नेमणुकांचा तक्ता सादर करावा, असे म्हटले आहे. म्हणजे एकक कचेरी, इतके लहान. पण पाळी पहिली, आणि वर तपासणी. कुणाचा नंबर आधी लागणार हे टक्क्यांइतकेच महत्त्वाचे असते, हे १९०२ साली कोल्हापुरात कुणाला तरी कळले होते.

स्वातंत्र्यानंतर हे पाळीचे काम बिंदुनामावलीकडे आले. सरकारी कचेरीत ज्याने काम केले आहे त्याला ही वही माहीत असते. एकेक ओळ म्हणजे एकेक बिंदू, आणि प्रत्येक बिंदूसमोर प्रवर्ग. आधी ही नामावली रिक्त जागांवर चाले. १९९५ साली आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पदांवर चालावी असे ठरवले. त्याला अनुसरून केंद्राच्या कार्मिक खात्याने २ जुलै १९९७ रोजी नवे आदेश काढले. तेरापेक्षा जास्त पदे असलेल्या संवर्गासाठी दोनशे बिंदूंची नामावली आली. दोनशेच का, तर साडेसात टक्क्यांचा पूर्णांक शंभरात येत नाही, दोनशेत पंधरा येतो. तेरा किंवा त्याहून कमी पदांच्या संवर्गासाठी तेरा बिंदूंची वेगळी, छोटी नामावली आली. पुढे सगळा गोंधळ या छोट्या नामावलीने केला.

बिंदू कसे पडतात ते पाहा. शंभराला सत्तावीसने भागले की तीन पूर्णांक सात येतात, म्हणून इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा. पंधराने भागले की सहा पूर्णांक सहासष्ट, म्हणून अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा. साडेसातने भागले की तेरा पूर्णांक तेहतीस, म्हणून अनुसूचित जमातीचा पहिला बिंदू चौदावा. पहिले तीन बिंदू खुले. हिशेब बिनचूक आहे. संवर्गात पाचशे पदे असतील तर पाळी सातवी की पहिली याने फार फरक पडत नाही. संवर्गात दोनच पदे असतील तर?

समजा, एका विभागात सहायक प्राध्यापकांची दोन पदे आहेत आणि विभाग हेच एकक आहे. दोघे एकाच दिवशी रुजू झाले आणि प्रत्येकाने तीस वर्षे नोकरी केली. पहिला आणि दुसरा बिंदू आज भरला. तिसरा-चौथा तीस वर्षांनी, पाचवा-सहावा साठ वर्षांनी. सातवा बिंदू, म्हणजे अनुसूचित जातीचा पहिला माणूस, नव्वद वर्षांनी. चौदावा एकशे ऐंशी वर्षांनी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्या वर्षी असा दोन पदांचा विभाग सुरू होऊन ही नामावली लागली असती, तर आदिवासी शिक्षकाची पाळी २०३७ साली आली असती. आणि एवढ्या काळात नियमाचा भंग कुणीही केला नसता.

आता नागपूर. ज्या शहरात १९५६ साली धर्मांतराचा सोहळा झाला, त्या शहराच्या विद्यापीठाने १९८४ साली शिक्षकांच्या जागांसाठी जाहिरात दिली. प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याता अशी तिन्ही प्रकारची, वेगवेगळ्या विषयांतली पदे होती. एकूण किती पदे राखीव, हे जाहिरातीत होते. कोणत्या विषयातली राखीव, हे नव्हते. प्रकरण कोर्टात गेले आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सुरेशचंद्र वर्मा विरुद्ध कुलपती, नागपूर विद्यापीठ’ या निवाड्यात सांगितले की असे चालणार नाही, आरक्षण विषयनिहाय जाहीर झाले पाहिजे. त्या जाहिरातीवरून झालेल्या नेमणुका टिकल्या नाहीत.

या निवाड्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे तो हरवला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते. रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेल्या मागासवर्गीय उमेदवाराला रसायनशास्त्राची जागा राखीव आहे की नाही हेच कळत नसेल, तर तो अर्ज कशाच्या भरवशावर करणार? आणि कोणती जागा राखीव हे आधी ठरलेले नसेल, तर निवड समिती मुलाखतीनंतर आपल्या सोयीने ठरवेल. म्हणजे ‘विषयनिहाय’ हा शब्द राखीव उमेदवाराच्या संरक्षणासाठी आला होता. विद्यापीठांच्या मुलाखती ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना हे संरक्षण किती गरजेचे होते हे सांगायला नको.

पण जाहिरात विषयवार असणे आणि टक्केवारीचा हिशेब विषयवार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबंध विद्यापीठाच्या जागा एकत्र मोजून किती राखीव ते काढता येते, मग त्या जागा विषयांना वाटून तसे छापता येते. दोन्ही एकाच वाक्यात सांगितले गेले की घोटाळा होतो, आणि तो झाला. महाराष्ट्रात विषयनिहाय आरक्षणाची पद्धत रुजली.

या प्रवाहाला आणखी दोन निवाडे येऊन मिळाले. १९८८ सालचा चक्रधर पासवान खटला बिहारचा. देशी चिकित्सापद्धतींच्या संचालनालयात आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी यांचे वेगवेगळे उपसंचालक होते. ही पदे एकत्र करून आरक्षण लावता येणार नाही, आणि एकाकी पद राखीव केले तर ते शंभर टक्के आरक्षण होते, असे न्यायालय म्हणाले. १९९८ साली चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकाच पदाच्या संवर्गात आरक्षण नाही, फिरत्या पाळीनेही नाही, यावर शिक्कामोर्तब केले. तर्क म्हणून यात खोट काढणे अवघड आहे. एक पद अर्धे करता येत नाही. फक्त आपल्या विद्यापीठांचे विभाग कसे बांधलेले असतात ते लक्षात घ्या: चार सहायक प्राध्यापक, दोन सहयोगी, आणि वर एक प्राध्यापक. हा वरचा एक, विभाग एकक धरला की, प्रत्येक विभागात एकाकी होतो. पन्नास विभागांत पन्नास प्राध्यापक, आणि त्यांपैकी एकही जागा राखीव करता येत नाही.

केंद्राच्या पातळीवर हा धोका ओळखला गेला तो दोन हजारच्या दशकात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे ठरवायला एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले प्राध्यापक रावसाहेब काळे यांच्याकडे आले. पुढे ते गुजरात केंद्रीय विद्यापीठाचे कुलगुरू झाले. या कामाबद्दल महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. आपल्याकडे मोर्चे काढणाऱ्यांची नोंद होते, तक्ते बसवणाऱ्यांची होत नाही. २००६ साली आयोगाने जी तत्त्वे काढली त्यांत भूमिका अशी होती की समान वेतनश्रेणी आणि समान दर्जा असलेली सगळी पदे मिळून एक संवर्ग होतो, विषय कोणताही असो. भौतिकीचा सहायक प्राध्यापक आणि पालीचा सहायक प्राध्यापक एकाच संवर्गातले. विद्यापीठ किंवा महाविद्यालय हे एकक, आणि त्यावर दोनशे बिंदूंची नामावली.

ही पद्धत दहा वर्षे चालली. तीही बिनतक्रार नव्हती. विद्यापीठभर एकच नामावली पसरली की कोणत्या विभागाची जागा कोणत्या बिंदूवर पडेल हे ती केव्हा निर्माण झाली वा रिकामी झाली त्या क्रमावर ठरते. त्यामुळे एखाद्या विभागात लागोपाठ सगळ्या जागा राखीव येतात आणि शेजारच्या विभागात वर्षानुवर्षे एकही येत नाही. एखाद्या विषयात आयुष्य घालवलेल्या खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला, आणि दुसऱ्या विषयातल्या राखीव उमेदवारालाही, हा जुगार वाटला तर त्यात नवल नाही. या तक्रारीला मी क्षुल्लक म्हणणार नाही. तिच्यावर उपाय करता आले असते: बिंदू वाटताना विभागांचा समतोल पाहणे, क्रम आधी जाहीर करणे. ते झाले नाही.

काशी हिंदू विद्यापीठाच्या एका जाहिरातीला आव्हान मिळाले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ‘विवेकानंद तिवारी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २००६ च्या तत्त्वांतली विद्यापीठाला एकक मानणारी कलमे रद्द केली. वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, त्यांची एकमेकांच्या जागी बदली होत नाही, तेव्हा विभाग हेच एकक, असे कारण दिले. आधार ज्या निवाड्यांचा घेतला त्यांत पासवान होता आणि नागपूरही होता. राखीव उमेदवाराला आपली जागा कोणती हे कळावे म्हणून दिलेला निवाडा सत्तावीस वर्षांनी त्याची जागा कमी करण्याच्या कामी आला. न्यायमूर्तींच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. कायद्याचे वाक्य मूळ प्रसंगापासून सुटले की कुठवर वाहत जाते, एवढेच इतिहासाच्या अभ्यासकाला इथे दिसते.

५ मार्च २०१८ रोजी आयोगाने सगळ्या विद्यापीठांना विभाग एकक धरण्याचे आदेश दिले आणि काही आठवड्यांत जाहिराती निघू लागल्या. अमरकंटकच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठाने ५२ पदांची जाहिरात काढली. त्यात ५१ पदे खुली होती आणि एक इतर मागासवर्गासाठी. जनजातीय विद्यापीठात जनजातीला एकही जागा नव्हती, आणि नव्या हिशेबाने ते नियमाला धरून होते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा सोबत जे आकडे दिले गेले, ते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका दस्तऐवज आहेत. काशी हिंदू विद्यापीठात शिक्षकांची १९३० पदे. विद्यापीठ एकक धरले तर अनुसूचित जातींना २८९, जमातींना १४३, इतर मागासवर्गाला ३१०, खुली ११८८. विभाग एकक धरला तर हेच आकडे ११९, २९, २२० आणि १५६२. पदे तेवढीच, टक्केवारी तीच, राज्यघटना तीच. वीस केंद्रीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकपदांचे गणित याहून कडक होते. ९३६ पदांपैकी अनुसूचित जातींच्या १३४ जागांच्या चार झाल्या. जमातींच्या ५९ होत्या, त्यांचे शून्य झाले. इतर मागासवर्गाच्या अकरांचेही शून्य. खुल्या जागा ७३२ वरून ९३२ वर गेल्या. विभागात एकच प्राध्यापक असतो आणि एकाकी पदाला आरक्षण नसते, हे वर सांगितले ते या चार आणि शून्यांत उतरलेले आहे.

प्राध्यापकपद हे पगारापुरते नसते. संशोधनाचे विषय कोण मंजूर करणार, अभ्यासमंडळावर कोण बसणार, पुढच्या मुलाखतीत टेबलाच्या पलीकडे कोण असणार, हे त्या पदावरून ठरते. सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ साली आंबेडकर प्राध्यापक झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ती सांगताना आपण त्या सहकाऱ्यांच्या मनोवृत्तीबद्दल बोलतो. शिक्षकांच्या त्या खोलीत ते एकटे होते, याबद्दल सहसा बोलत नाही.

२०१८ च्या जुलैत भरती थांबवायला सांगण्यात आले. २२ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका फेटाळली, फेब्रुवारीअखेर फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, ५ मार्चला भारत बंद झाला. निवडणुका तोंडावर होत्या. ७ मार्चला वटहुकूम निघाला आणि जुलैत त्याचा कायदा झाला. केंद्रीय शैक्षणिक संस्था हे एक एकक, असे कायद्याने आता स्पष्ट म्हटले आहे. ‘तेरा बिंदू’ हे शब्द घोषणेत आले, फलकांवर रंगले, अशी उदाहरणे प्रशासनाच्या इतिहासात थोडी असतील. कायद्याच्या परिशिष्टात मात्र काही संस्थांना सूट दिली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था या आपल्या मुंबईतल्या दोन संस्था त्या यादीत आहेत. उत्कृष्टतेच्या संस्थांना समावेशनातून वगळायचे, म्हणजे या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असे कायदाच गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहावे असे संसदेत कुणाला फारसे वाटलेले दिसत नाही.

महाराष्ट्राने २०२१ साली शिक्षक-संवर्गासाठी आपला कायदा केला आणि विषयनिहाय आरक्षणाच्या जागी संवर्गनिहाय आरक्षण आणले. नागपूरच्या जाहिरातीपासून निघालेली वाट निदान कागदावर तिथे संपली. आपल्या वृत्तपत्रांत या कायद्याला मिळालेली जागा पाहता, चाळीस वर्षांचा एक वाद मिटला आहे याची कल्पना फार थोड्यांना आली असावी.

एकक ठरले की प्रश्न पुढच्या रकान्यात सरकतो. जागा राखीव आहे, जाहिरातही निघाली, मुलाखती झाल्या, आणि निवड समितीने शेरा मारला: योग्य उमेदवार आढळला नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर आयोगाने मार्गदर्शक सूचनांचा नवा मसुदा चर्चेला ठेवला. त्यात अशा न भरलेल्या राखीव जागा अपवाद म्हणून अनारक्षित करण्याबद्दलचे एक प्रकरण होते. महिनाभरात एवढा गदारोळ झाला की जानेवारी २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला: २०१९ चा कायदा असताना शिक्षकाची कोणतीही राखीव जागा अनारक्षित होणार नाही. म्हणजे ती जागा राखीव राहील. रिकामीही राहू शकेल.

गेल्या वर्षी एका विद्यापीठाची बिंदुनामावली मी माहितीच्या अधिकारात मागवली. आडव्या कागदावर छापलेला मोठा तक्ता आला. विभागाचे नाव, पद निर्माण झाल्याची तारीख, बिंदू क्रमांक, प्रवर्ग, नेमलेल्या व्यक्तीची जात, जात-प्रमाणपत्राचा तपशील, शेरा. सातव्या बिंदूसमोर नाव आहे, रुजू झाल्याची तारीख आहे, मागासवर्ग कक्षाचा शिक्का आहे. चौदाव्या बिंदूच्या ओळीत नावाचा रकाना कोरा आहे. शेऱ्याच्या रकान्यात तीन वेगवेगळ्या वर्षांच्या, तीन वेगवेगळ्या शाईंतल्या नोंदी आहेत. मजकूर तिन्हींचा एकच आहे.